विभाग एकमधले गाव

ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीत जमिनीखालून आवाज येऊ लागले. औसा तालुक्यातले, तेरणेच्या खोऱ्यातले हे मोठे गाव. रात्री-अपरात्री गडगडाट व्हायचा, फळीवरची भांडी खडखडायची, भिंतीतून माती गळायची. १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांतला मोठा होता. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असे वीसहून अधिक धक्के लोकांना जाणवले. लोक धास्तावले, प्रशासनाकडे गाऱ्हाणी घेऊन गेले, गाव दुसरीकडे हलवा अशी मागणीही झाली. पुढे धक्के विरळ होत गेले, रानातली कामे सुरू झाली आणि माणसे पुन्हा निर्धास्तपणे माळवदाखाली झोपू लागली.

गावकऱ्यांच्या भीतीसमोर त्या वेळी एक कागद उभा होता. तो कुणी किल्लारीत आणून दाखवला नसेल, पण सरकारी कचेऱ्यांत, अभियंत्यांच्या हिशेबात, तज्ज्ञांच्या मनात तो पक्का होता. तो म्हणजे देशाचा भूकंप विभागांचा नकाशा, भारतीय मानक क्रमांक १८९३ मधला. १९८४ च्या आवृत्तीत देशाचे पाच विभाग होते. विभाग पाच सर्वांत धोक्याचा आणि विभाग एक सर्वांत सुरक्षित. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांचा हा पट्टा विभाग एकमध्ये होता. दख्खनचे पठार म्हणजे काळ्या बसाल्टचा अखंड, निश्चल खडक, असे शाळेच्या पुस्तकापासून विद्यापीठापर्यंत शिकवले जात होते.

या नकाशाचा स्वतःचा एक इतिहास आहे, आणि तो आज पुन्हा वाचण्याजोगा आहे. १९६२ साली तो पहिल्यांदा तयार झाला, तेव्हा त्यात शून्य क्रमांकाचाही विभाग होता. शून्य म्हणजे भूकंपाची भीतीच नाही. मग १० डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि पुढच्या सुधारणेत शून्य विभाग रद्द झाला. कोयनेचा क्रमांक वर चढला. बाकीचे पठार मात्र बहुतेक होते तिथेच राहिले. कोयना हा धरणाजवळचा अपवाद, असे मानायला जागा होती आणि तसे मानले गेले.

असा नकाशा नोंदींवर उभा राहतो. पूर्वी कुठे भूकंप झाले, किती मोठे झाले, खडकांत भेगा कुठे आहेत, यावरून पुढचा अंदाज बांधायचा. मराठवाड्यात नोंदी जवळजवळ नव्हत्या. भूकंपमापकांचे दाट जाळे नव्हते, काळ्या मातीच्या आणि लाव्हाच्या थरांखाली काय दडले आहे याचा तपास झालेला नव्हता. नोंद सापडत नाही, याचा अर्थ धोका नाही असा काढला गेला. १९९३ नंतर संशोधकांनी शोध घेतला तेव्हा किल्लारीपासून फार दूर नसलेल्या तेर या प्राचीन नगरीच्या अवशेषांत जुन्या भूकंपाच्या खुणा असाव्यात, असे त्यांनी मांडले. म्हणजे या जमिनीला आठवण होती. ती आपल्या वहीत उतरलेली नव्हती.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिनियमांवर जी चर्चा चालते, तिच्यातला पहिला प्रश्न या न झालेल्या नोंदींचाच आहे. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते आणि पुढचे सांगते. ज्यांची नोंदच झाली नाही अशी माणसे, अशी गावे, अशा घटना त्याच्या लेखी नसतात. आणि उत्तर मात्र ते ठाम देते. किल्लारीच्या काळात संगणकाने काही ठरवले नव्हते. पण माणसांच्या जिवाचा निर्णय आकड्यांच्या एका साच्यावर सोडला की काय होते आणि त्याची जबाबदारी कुणाकडे राहते, हे महाराष्ट्राने जितके जवळून पाहिले तितके फार थोड्यांनी पाहिले असेल. म्हणून हा इतिहास मला जुना वाटत नाही.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावे उशिरा निजली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मोजमापाच्या पद्धतीप्रमाणे भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ सांगितली जाते. जगाच्या मानाने हा मध्यम भूकंप. याच ताकदीचे धक्के जपानमध्ये येतात आणि मोजकी माणसे जखमी होतात. इथे सरकारी आकड्यांनुसार ७,९२८ माणसे गेली, सुमारे १६ हजार जखमी झाली, १५ हजारांहून अधिक जनावरे दगावली. किल्लारी, तळणी, मंगरूळ, होळी, सास्तूर, पेठसांगवी, राजेगाव अशा गावांत सकाळी रस्ता कुठला आणि घर कुठले हे कळत नव्हते.

बळी घेतले ते घरांनी. या भागातले जुने घर म्हणजे लाकडी खांब-तुळयांचे खण, वर माळवद आणि भोवती दोन-तीन फूट रुंदीची दगडी भिंत. माळवदाची माती दर पावसाळ्याआधी नव्याने चढवायची, म्हणजे गळती थांबते. पिढ्यान् पिढ्या हे चालले आणि डोक्यावरचे ओझे वाढत गेले. भिंत बाहेरून भक्कम दिसायची. प्रत्यक्षात तिची दोन तोंडे वेगळी होती, आतले आणि बाहेरचे. मधल्या पोकळीत गोटे आणि माती भरलेली. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे लांब आडवे दगड बहुतेक घरांत नव्हते, आणि चिखलाच्या बांधणीला पकड कसली असणार? जमीन हलताच भिंत उभी फाटली, एक तोंड रस्त्यावर कोसळले, दुसरे झोपलेल्यांच्या अंगावर. कित्येक ठिकाणी लाकडी खांब तसेच उभे राहिले होते आणि त्यांच्याभोवती दगडांचा ढीग होता.

तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी त्या पहाटेची आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. विसर्जन नीट पार पडल्याची खात्री करून ते मुंबईत नुकतेच पडले होते, खिडक्या हादरल्या, आणि त्यांनी चौकशी केली ती कोयनेला. केंद्र लातूर जिल्ह्यात किल्लारीला असल्याचे त्यांना तिथून समजले. सकाळीच ते लातूरकडे निघाले. राज्याच्या मनात भूकंपाचा पत्ता तोवर एकच होता.

मग दोष कुणाचा? मी हा प्रश्न जितका उलटसुलट पाहतो, तितके एक जास्त स्पष्ट होते. या प्रकरणात नियम मोडणारा कुणी सापडत नाही. अभियंत्याने नकाशा पाहिला, त्यात विभाग एक होता. अधिकाऱ्याने तज्ज्ञांचे मत धरले. तज्ज्ञांचे मत अभ्यासाला धरून होते, कारण पठारावर अशा छोट्या धक्क्यांच्या मालिका पूर्वीही आल्या होत्या आणि काही न होता विरल्या होत्या. १९८०च्या दशकात भातसा धरणाच्या परिसरातही असेच घडले होते. भूकंप अमुक दिवशी येईल हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हते आणि आजही सांगू शकत नाही. म्हणून भाकीत केले नाही याचा ठपका कुणावर ठेवणे अन्यायाचे होईल. पण १९९२ चे धक्के हीसुद्धा नोंदच होती, ताजी आणि डोळ्यांसमोरची. ती देणारी माणसे शेतकरी आणि मजूर होती. त्यांच्या सांगण्यावरून नकाशावर प्रश्नचिन्ह लावण्याची सोय कुठल्याही कचेरीत नव्हती. माळवदाचे ओझे उतरवा, भिंतींना आधार द्या, परिसरात मापनयंत्रे बसवा, इतके करायला भाकिताची गरज नव्हती.

भूकंपानंतर दुसरा अध्याय सुरू झाला तो याद्यांचा, आणि तो पहिल्याहून गुंतागुंतीचा आहे. तेरा जिल्ह्यांत कमी-अधिक नुकसान झाले होते. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ मध्ये भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. एवढ्या गावांना एक नियम हवा, म्हणून वर्गवारी झाली. ज्या गावांत सत्तर टक्क्यांहून अधिक घरे उद्ध्वस्त झाली आणि खाली काळ्या मातीचा जाड थर होता, ती ‘अ’ वर्गात. त्यांना नव्या जागी वसवायचे. अशी ५२ गावे होती. ‘ब’ वर्गातल्या गावांची जागच्या जागी उभारणी. ‘क’ वर्गात दुरुस्ती आणि मजबुतीकरण; यात दीड लाखांहून अधिक घरे होती.

‘अ’ वर्गातल्या गावांत घर किती मोठे मिळायचे, हे जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त असलेल्यांना ७५०. सूत्र सरळ आहे. सातबारा काढा, आकडा पाहा, घर द्या. तलाठ्याला मनमानी करायला वाव कमी, वशिल्याला वाव कमी, आणि काम भराभर पुढे सरकते. सरकारची बाजू समजून घ्यायलाच हवी. हजारो कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे-पावसाळे काढत होती.

पण या सूत्रात माणसे मोजलेली नव्हती. शेतमजुराच्या घरात आई-वडील, लेकरे, विधवा बहीण असली तरी चौरस फूट अडीचशेच. मोठ्या शेतकऱ्याच्या घरात दोघेच उरले असले तरी साडेसातशे. भूकंपापूर्वी गावात कोण किती जागेत राहत होता त्याचे प्रतिबिंब यात आहे, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे जुनी विषमता नव्या गावात सिमेंटने पक्की झाली. यंत्राला जुन्या निर्णयांवरून शिकवले की ते जुना अन्याय पुढे चालवते, असे आज संगणकतज्ज्ञ सांगतात. तो अन्याय लातूर-उस्मानाबादच्या नव्या गावठाणांत टेप लावून मोजता येतो.

नवी गावे आखली गेली ती शहराच्या वसाहतीसारखी, सरळ रस्ते, काटकोनातले चौक, रांगेत घरे. जुन्या गावाच्या कित्येक पट जागा व्यापली गेली. रान दूर गेले, भावकी विखुरली, बैल बांधायला आणि कडबा रचायला अडीचशे फुटांत जागा कुठून आणायची, हे आराखड्यात नव्हते. पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांनी यावर पुढे बरेच लिहिले आहे.

तरीही या कार्यक्रमात एक गोष्ट अशी झाली की तिच्यापाशी मला थांबावेसे वाटते. लोकांशी बोलल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी अट कार्यक्रमातच घातली गेली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला स्थलांतराच्या गावांत लोकसहभागाचे काम दिले गेले. दुरुस्तीच्या गावांत प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतल्या बाया पुढे आणल्या. त्यांना ‘संवाद सहायक’ असे नाव होते. शेकडो गावांत या बाया घरोघर गेल्या. काय मिळणार आहे, कुठल्या टप्प्यावर पैसे मिळतील, तक्रार कुणाकडे करायची, हे त्यांनी गावाला सांगितले आणि गावाचे म्हणणे कचेरीत नेले. गावांत समित्या झाल्या, याद्या गावासमोर वाचल्या गेल्या, हरकती घेतल्या गेल्या.

दगडाचीच गोष्ट घ्या. भूकंपानंतर लोकांना दगडी भिंतीची दहशत बसली होती. पत्र्याच्या खोलीत उकाड्याने तळमळतील, पण दगडाच्या घरात झोपणार नाहीत. अभियंते म्हणत होते, दगड वाईट नाही, बांधणी वाईट होती. भिंतीत भोक पाडून दोन्ही तोंडे आरपार जोडा, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदाची माती उतरवा, घर टिकेल. अभियंत्यांचे बरोबर होते आणि लोकांची भीतीही खरी होती. तो तिढा परिपत्रकाने सुटला नसता. गावातलीच बाई गवंड्याला शेजारी उभे करून, भिंतीतले भोक दाखवत समजावू लागली तेव्हा काही घरांत दुरुस्ती सुरू झाली. अनेकांनी शेवटपर्यंत ऐकले नाही आणि दुरुस्तीच्या पैशात नवी खोली बांधली. तोही त्यांचा हक्क होता.

नकाशा बदलायला नऊ वर्षे लागली. २००२ च्या सुधारणेत विभाग एक रद्द झाला आणि लातूरचा पट्टा विभाग तीनमध्ये गेला. कोयनेने शून्य पुसले, किल्लारीने एक पुसला.

दोष कुणाचा, या प्रश्नाचा निकाल इटलीत न्यायालयात लागला. लाक्विला शहराला महिनोन् महिने छोटे धक्के बसत होते. ३१ मार्च २००९ रोजी तज्ज्ञांची सरकारी बैठक झाली आणि काळजीचे कारण नाही असा सूर लोकांपर्यंत पोहोचला. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला, तीनशेहून अधिक माणसे गेली. सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी यांना २०१२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. जगभरचे शास्त्रज्ञ खवळले. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने शास्त्रज्ञांना सोडले आणि त्या अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आणून कायम ठेवली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. मला हा निवाडा विचार करण्यासारखा वाटतो. अंदाज चुकणे हा गुन्हा नाही. पण लोकांना निर्धास्त करणारा शब्द ज्याने उच्चारला, त्याला त्या शब्दाचे उत्तर द्यावे लागले.

आता तो शब्द यंत्राच्या तोंडी येऊ लागला आहे. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाने घडवलेल्या प्रणालीची चीनमध्ये सात महिने चाचणी झाली. तिने १४ भूकंपांचा आठवडाभर आधी जवळपास बरोबर अंदाज दिला, एक भूकंप तिच्या हातून सुटला आणि ८ वेळा खोटा इशारा दिला. विज्ञान म्हणून हे मोलाचे आहे. पण ते आठ खोटे इशारे लातूर-नांदेडकडे वळवून पाहा. सोयाबीन काढणीला आले असताना गावाने घर सोडायचे का? सोडले तर मजुरी कोण भरून देणार, आणि दोनदा फसलेले गाव तिसऱ्यांदा बाहेर पडेल का? नांदेड शहराने २००६ पासून काही वर्षे जमिनीखालचे आवाज ऐकले. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली, नांदेड, परभणी हादरले तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि प्रत्येकाच्या तोंडी किल्लारीचे नाव होते. ही माणसे इशारा देणाऱ्याचे नाव-गाव विचारणार, आणि ते विचारायलाच हवे.

अँड्रॉइड फोन भूकंपाची लहर ओळखून काही सेकंद आधी सावध करतात. ही सोय भारतात २०२३ मध्ये आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत तुर्कस्तानात झालेल्या महाभूकंपात या व्यवस्थेने धक्क्याची ताकद फार कमी मोजली आणि लाखो लोकांना मिळायला हवा होता तो सर्वांत गंभीर इशारा मूठभरांनाच गेला. कंपनीने हे पुढे मान्य केले, पण त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. उशीर झाला तरी आपली चूक स्वतः तपासून मांडणे हे मी चांगलेच मानतो. ते कंपनीच्या मर्जीवर राहू नये, इतकेच.

मात्र किल्लारीच्या शिवारात यंत्राचा निर्णय पहिल्यांदा पोहोचतोय तो भूकंपाच्या वाटेने नाही, पिकाच्या वाटेने. पंतप्रधान पीक विमा योजनेत उत्पादनाचा अंदाज पूर्वी पीक कापणी प्रयोगावर ठरायचा. ठरावीक प्लॉट, कापणी, मळणी, वजन, आणि भोवती चार माणसे उभी. खरीप २०२३ पासून भात आणि गव्हाच्या अंदाजात किमान ३० टक्के भार उपग्रहाची चित्रे आणि संगणकीय प्रारूपे यांना दिला गेला. त्या पद्धतीचे नाव यस-टेक. पुढे सोयाबीनही त्यात आले, आणि लातूर म्हणजे सोयाबीनची मोठी बाजारपेठ. कापणीच्या वजनावर शेतकरी जागेवर भांडू शकतो, काटा चुकीचा आहे असे म्हणू शकतो. प्रारूपाने काढलेल्या आकड्यावर त्याने कुणाशी भांडायचे? तालुका कृषी अधिकाऱ्याला ते प्रारूप ठाऊक नसते, विमा कंपनीचा माणूस आकडा वरून आला असे सांगू शकतो. १९९२ मध्ये नकाशाही वरूनच आला होता.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने सरकारी लाभाला कोण पात्र हे ठरवणाऱ्या यंत्रप्रणाली उच्च जोखमीच्या वर्गात टाकल्या, त्यांवर माणसाची देखरेख सक्तीची केली आणि बाधिताला निर्णयामागचे कारण मागण्याचा हक्क दिला. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांतल्या सात सूत्रांमध्ये उत्तरदायित्व आहे, समन्यायही आहे आणि यंत्राचे वागणे समजेल असे असावे हेही आहे. सूत्रे चांगली आहेत. पण ती कायदा नाहीत, आणि आकडा नाकारला गेलेल्या शेतकऱ्याने अर्ज कुठे द्यायचा हे त्यांतून समजत नाही.

अर्ज कुठे द्यायचा हा प्रश्न देगलूर-बिलोलीच्या पलीकडे, तेलंगणात, आधीच पेटला होता. तिथल्या सरकारने वेगवेगळ्या खात्यांची माहिती संगणकाने जुळवून अपात्र शिधापत्रिका शोधल्या. २०१६ पासून सुमारे १९ लाख पत्रिका रद्द झाल्या, कित्येकांना साधी नोटीसही न देता. नावाचा गोंधळ झाला की गरिबाच्या नावे कुणाची तरी मोटारगाडी लागायची आणि त्याचे धान्य बंद व्हायचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने या रद्द पत्रिकांची प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी करा, असा आदेश दिला. कर्मचारी दारोदार गेले, आणि यंत्राने अपात्र ठरवलेल्यांतली हजारो कुटुंबे पात्र निघाली.

महाराष्ट्राला असा आदेश यायची वाट पाहण्याची गरज नाही. यस-टेकचा आकडा जाहीर होतो त्याच दिवशी प्रत्येक महसूल मंडळाची कापणी प्रयोगाची आणि प्रारूपाची उत्पादने शेजारी-शेजारी चावडीवर लावता येतील. खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, हरकतीची मुदत, आणि दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तिथे रानात जाऊन पुन्हा पाहणी. याद्या गावासमोर वाचण्याचे आणि हरकती घेण्याचे काम याच जिल्ह्यांनी १९९४ ते १९९८ या काळात, संवाद सहायक बायांना सोबत घेऊन केलेले आहे.